रिकाम्या गादीचा हुजऱ्या

माझ्या हॉटेलात पूर्वी उतरून गेलेले पाहुणे पुन्हा आले की टांग्यातून उतरता उतरताच विचारतात, "तो म्हातारा कुठे आहे?" मी सांगतो, "देवासला गेला." "परत कधी येणार?" असं कोणी विचारलं की मी सामान उतरवून घ्यायच्या निमित्ताने तिथून निघतो. त्या म्हाताऱ्याबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललो नाही. बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि गिऱ्हाइकांपुढे आवाज चढवणं धंद्याला परवडत नाही. लिहिताना चढला तर कोणाला ऐकू जात नाही, म्हणून लिहितो.

त्याचं नाव येसबा. धारहून तिरल्याकडे जाताना आमराईत जी पांढरी कोठी लागते, जिच्यात आज माझं हॉटेल आहे, त्या कोठीचा तो हुजऱ्या. सरकारांच्या दाराशी उभं राहायचं, भेटीला आलेल्याला पायरीवर थांबवायचं, आत जाऊन कोण आलंय त्याची वर्दी द्यायची आणि आतला जबाब बाहेर आणून सांगायचा, एवढंच काम त्याने चाळीस वर्षं केलं. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशा खाली वळलेल्या. पागोटं मात्र असं घट्ट की वाऱ्यात झाडं हलली तरी त्याचा पेच हलायचा नाही. सरकारांच्या खोलीतून तो कधी वळून बाहेर आला नाही. गादीकडे पाठ करायची नाही म्हणून उलट्या पावलांनी यायचा. उंबरा कुठे, पायरी कुठे, खांब कुठे, सगळं त्याच्या टाचांना पाठ होतं.

ही कोठी सरकारांच्या, म्हणजे सरदारांच्या, आजोबांनी शिकारीसाठी बांधली. पुढे उन्हाळ्याची कोठी झाली, आणि सरदारांच्या वेळेला घरचे सगळे बाराही महिने इथेच राहायला लागले. माझे वडील रामजी इथे फर्राश होते. बिछायती घालायच्या, झाडायच्या, हंड्या-झुंबरं उतरवून पुसायची, हे त्यांचं काम. माझा जन्म कोठीमागच्या चाकरांच्या खोल्यांतला.

दिवाणखान्यात एक लाल गालिचा होता. एवढा मोठा की बाबा तो एकटे झाडायला घेत तेव्हा सकाळची दुपार व्हायची. एक दिवस तो गालिचा नाहीसा झाला. गालिचे ज्याच्या हाताखाली तोच चोर, एवढा साधा हिशेब कोठीत झाला. चौकशी नाही, विचारपूस नाही. बाबांना आई आणि माझ्यासकट त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं, सरकार आपल्याला लहानपणापासून बघतात. समोर उभं राहून सांगितलं तर ऐकतील. मी पायरीवर जाऊन बसलो. येसबाने विचारलं, "काय सांगू आत?"

"रामजीचा मुलगा आलाय म्हणावं. दोन शब्द बोलायचे आहेत."

तो आत गेला. बऱ्याच वेळाने उलट्या पावलांनी बाहेर आला आणि म्हणाला, "आज सवड नाही." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. दुपारी पायरीचा दगड तापला तरी उठलो नाही. संध्याकाळी त्याने सांगितलं, "सरकारांचा जबाब आहे, भेट नाही. पुन्हा येऊ नकोस."

आम्ही महूला गेलो. बाबांनी छावणीत पाणी भरलं, मी साहेबांच्या खाण्याच्या बरॅकीत बशा धुतल्या. बाबा त्यानंतर सात वर्षं जगले. त्या सात वर्षांत ते कधी सतरंजीवर बसले नाहीत. कोणाच्या लग्नाला गेले तरी बिछायतीची कड हाताने मागे सारून उघड्या जमिनीवर बसायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा विनयशील आहे.

बशा धुता धुता मी साहेबलोकांची खाण्यापिण्याची रीत शिकलो, मग तंबूंचं कंत्राट घेतलं, मग शिकारीच्या मुक्कामांचं. भाव करण्यात माझ्याशी गाठ पडली की महूचे बोहरी व्यापारीसुद्धा पाणी मागायचे. पण कुठलाही सौदा जिंकलो की मला ती पायरी आठवायची. माझ्या बापाला चोर म्हणणाऱ्याला माझं नुसतं ऐकून घ्यायलाही सवड का नव्हती? मला एवढंच हवं होतं. कोणीतरी मला हे सांगायला हवं होतं.

सरदार वारले. त्यांचे चिरंजीव, धाकटे सरकार, सासुरवाडीमुळे देवासला जाऊन राहिले. मांडू बघायला जाणाऱ्या साहेबांची ये-जा तेव्हा वाढली होती आणि धारला त्यांना धड उतरायला जागा नव्हती. मी देवासला गेलो आणि कोठी लांब मुदतीच्या कराराने मागितली. धाकटे सरकार टेकडीखालच्या घरात लोडाला टेकून बसले होते. मी कोण ते त्यांनी ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही.

सौदा तीन दिवस चालला. खुर्च्या, पलंग, दोन बग्ग्या, एकेक कलम लिहून झालं. शेवटी ते म्हणाले, "आणि येसबा."

"म्हणजे?"

"हुजऱ्या. हयात असेतो तो कोठीतच राहील. वडिलांच्या खोलीची गादीही. तो असेतो ती हलवायची नाही."

"सरकार, तुटकी बग्गी घेतली, आता म्हातारा माणूसही घेऊ?"

"नको असेल तर राहू द्या."

मी तेवढ्यावरही भाडं खाली आणलं.  मी पायरीवर बसलो त्या दोन दिवसांत दाराच्या आत काय झालं हे जाणणारा एकच माणूस जगात उरला होता, आणि तो मला बग्गीबरोबर मिळाला होता.

पहिल्याच दिवशी मी त्याला गाठलं. तो कंदिलाच्या काचा राखेने घासत होता.

"ओळखलंस का?"

"रामजीचा," त्याने मान वर न करता सांगितलं.

"मी पायरीवर बसलो होतो तेव्हा आत सरकार काय म्हणाले?"

"आतलं बाहेर सांगायची रीत नाही, कंत्राटदार."

मला तो कायम कंत्राटदारच म्हणायचा. मालक कधी नाही. मी महिन्यातून एकदा तरी तोच प्रश्न विचारायचो. कधी गोडीत, कधी शिव्या घालून. एकदा नवा धोतरजोडा पुढे ठेवून विचारलं. त्याने धोतरजोडा उचलून माझ्या खुर्चीवर परत ठेवला आणि तेच उत्तर दिलं.

हॉटेलचे पहिले पाहुणे महूहून आले. एक इंजिनेर साहेब, त्याची मडम आणि एक ठिपक्यांचा कुत्रा. मी फुलं घेऊन पुढे होतोय तोच येसबाने हातातली काठी आडवी धरून त्यांना पायरीवर थांबवलं. मला वाटलं, आदराने काही बोलेल. तो थेट सरकारांच्या खोलीत गेला. दार उघडं होतं. आत रिकामी गादी, मागे लोड, समोर विझलेली समई. येसबा कमरेत वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सरकार, छावणीहून साहेब आलेत. संगती मडम आहेत, एक कुत्रं आहे. दोन दिवस मुक्काम मागतात." मग तो वाट बघत उभा राहिला.  माझ्या हातातली फुलं खाली गळायला लागली. शेवटी तो उलट्या पावलांनी आला, काठी उचलली आणि म्हणाला, "हुकूम झाला. कुत्र्याने ओसरीवर निजावं."

माझा खानसामा अब्दुल स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सेठ, ये बुड्ढा तो धंदा चालू होने से पहले बंद करा देगा."

मलाही तेच वाटलं. पण साहेबाने टोपी काढून रिकाम्या खोलीला सलाम केला. मडमेने कुत्र्याला ओसरीवर बांधलं. परत महूला जाऊन त्यांनी ही गोष्ट अशी रंगवली की पुढच्या महिन्यात लोक मांडूसाठी कमी आणि येसबासाठी जास्त यायला लागले. वेड्या माणसाच्या वेडाला लोक पैसे मोजतात हे बघून मी थक्क झालो. त्याला थांबवण्याचा विचार मी सोडून दिला. उलट गादीची समई लावायला तेल दिलं.

येसबाला त्याचं काही नव्हतं. हॉटेल या शब्दाचंही त्याला काही नव्हतं. अब्दुल माळवी ढंगात भाऊ म्हणून चिडवायचा, "भिया, आज तुम्हारे सरकार क्या खायेंगे?" येसबा शांतपणे सांगायचा, "भिया, जो जीवंत आहे त्याची काळजी कर. कढी उतू चाललीये."

एकदा इंदूरचे एक अफूचे व्यापारी आले. बरोबर चार नोकर, दोन गाड्या. सबंध वरचा मजला त्यांना हवा होता आणि मी सांगितलेल्या भाड्याला ते हूं का चूं करत नव्हते. येसबा आत गेला, वर्दी दिली, थांबला, बाहेर आला.

"सरकारांना सवड नाही. मुक्काम मिळायचा नाही."

शेठजी आधी हसले. मग त्यांना कळलं की म्हातारा काठी उचलत नाही. मी हात जोडले, काठी माझ्या हाताने बाजूला केली, पण त्यांचा अपमान झाला होता. दोन्ही गाड्या धुरळा उडवत परत गेल्या. मी येसबाच्या अंगावर धावून गेलो.

"कोणाला विचारून हाकललंस त्यांना?"

"सरकारांना."

"तिथे कोणी नाही, गाढवा. गादी आहे. कापूस आहे कापूस."

 संध्याकाळी अब्दुलने सांगितलं की आत येताना फाटकापाशी शेठजींच्या गाडीवानाने बैल जरा आडवे नेले, तेव्हा शेठजींनी त्याच्या तोंडावर जोडा मारला होता. येसबा तेव्हा फाटकावरच उभा होता. मी त्याला जाऊन विचारलं, "तू ते बघितलंस?"

"मी काय बघणार? सरकार नाही म्हणाले."

मी अब्दुलबरोबर खूप हसलो. रिकाम्या गादीचा जबाब कुठून येतो हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं होतं. भरलेल्या गादीचा जबाबही कुठून येत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. सौद्यात समोरच्याचा डाव तो बोलायच्या आधी ओळखणारा मी, या एका जागी आंधळा राहिलो.

आणखी एक गोष्ट मी बघून न बघितल्यासारखी केली. दिवाणखान्याच्या फरशीत मधोमध एक चौकोन होता, आजूबाजूपेक्षा उजळ. तिथेच तो लाल गालिचा असायचा. येसबा कधी त्या चौकोनातून चालला नाही. दिवसातून पन्नास वेळा दिवाणखाना ओलांडायचा आणि पन्नास वेळा कडेने वळसा घालायचा, जसे आम्ही चाकर लोक गालिचा असताना घालायचो. मी इंदूरहून नवा गालिचा आणून तिथे घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुंडाळून भिंतीशी उभा केलेला. मी पुन्हा घातला. पुन्हा उभा. तीन-चारदा असं झाल्यावर मी ओरडलो. तो म्हणाला, "कंत्राटदार, बाकी कुठेही घाला. ती जागा राहू द्या."

"का?"

"ती रामजीची जागा आहे."

माझ्या बापाचं नाव त्याने असं घेतल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला बाबांची आठवण आहे, माया आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी जरा नरमाईने वागायला लागलो. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

तो गेला ते असं. इंदूरहून आठ साहेबांची टोळी मांडूला निघाली होती आणि त्यांचा मुखत्यार एक मोठी खोली मागत होता. मोठी खोली एकच, सरकारांची. करारात गादी हलवायची नाही असं कलम होतं, पण देवासहून बघायला कोण येणार? येसबा दर मंगळवारी सकाळी धारला देवीला चालत जायचा. तो फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी गादी, लोड, समई माळ्यावर टाकायला लावली. तिथे लोखंडी पलंग मांडला, वर मच्छरदाणी टांगली.

ऊन चढल्यावर तो परत आला. कपाळाला कुंकू, हातात प्रसादाचा नारळ. नेहमीसारखे जोडे काढून उंबऱ्याशी आला, कमरेत वाकायला लागला आणि अर्धवट वाकलेलाच थांबला.

मी आत पलंगाशी उभा होतो. म्हटलं, "काय येसबा, आता कोणाला विचारणार?"

अब्दुल हसला. येसबा सावकाश सरळ झाला. त्याने खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडेल, शिव्या देईल, काठी उगारेल, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. त्याने नारळ खाली ठेवला, पागोट्याचा पेच दोन्ही हातांनी चाचपला आणि माझ्यासमोर येऊन तीन हातांवर थांबला. तिथे तो वाकला. गादीपुढे वाकायचा तेवढाच, कमी नाही आणि जास्त नाही.

"मालक," तो म्हणाला, "एक वर्दी राहिली आहे."

त्याच्या तोंडून मालक ऐकून अब्दुलचं हसू थांबलं.

"रामजी फर्राशाचे चिरंजीव भिकाजीराव भेटीला आले आहेत. दोन दिवस पायरीवर बसले आहेत. दोन शब्द बोलायचे म्हणतात. ही वर्दी आत गेली नाही. मी दिली नाही."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. "दिली नाही म्हणजे? तू आत गेला होतास. मी बघितलं."

"पडद्यामागे उभा राहिलो. जबाबाला लागतो तेवढा वेळ थांबलो आणि बाहेर आलो."

"आणि भेट नाही, असं कोण म्हणालं?"

"मी."

मी पलंगाची दांडी धरली.  तो तसाच वाकून, खाली बघून बोलत होता, जसा कुठल्याही पाहुण्याची वर्दी द्यायचा.

"गालिचा सरकारांनीच इंदूरला विकायला धाडला होता. ताईसाहेबांचं, सरकारांच्या लेकीचं, देवासच्या घरात लग्न ठरलं होतं आणि हात आखडला होता, ते व्याह्यांना कळायला नको होतं. गाडीत मीच घातला. बाईसाहेबांनी विचारलं, गालिचा कुठे? तेव्हा कोणीतरी रामजीचं नाव घेतलं. सरकार गप्प बसले. सरकार गप्प बसले म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं. तुम्ही समोर उभे राहिला असतात तर सरकारांना तुमच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. ते माझ्याच्याने बघवलं नसतं."

"खोटं बोलले असते कशावरून? खरं बोलले असते तर?"

इथे पहिल्यांदा त्याचा आवाज हलला.

"त्या दोन दिवसांत त्यांनी दोनदा विचारलं. येसबा, रामजीकडचं कोणी आलं होतं का? मी म्हटलं, कोणी नाही, सरकार."

 अब्दुल कधी निघून गेला ते मला कळलं नाही. मला बाबा दिसत होते, लग्नाच्या मांडवात बिछायतीची कड हाताने मागे सारणारे. त्यांना परत बोलावून आणायला कोणीतरी दोनदा तोंड उघडलं होतं, आणि त्याच्यात आणि आमच्यात हा एक माणूस काठी आडवी धरून उभा होता. ज्या सरकारांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या ते कधीच नाही म्हणाले नव्हते. नाही म्हणणारा रोज माझ्या कंदिलांच्या काचा पुसत होता, माझ्या हातचा धोतरजोडा परत करत होता.

"आज का सांगतोस?"

"आतलं बाहेर सांगायची रीत नाही. पण आत आता तुम्हीच आहात. राहिलेली वर्दी आतल्याला द्यायलाच हवी."

मी हात उगारला होता. तो उगारलेलाच राहिला, कारण तो माणूस मार चुकवायला जराही हलला नाही. मी एवढंच म्हणालो, "चालता हो. पुन्हा इथे दिसू नकोस." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे जवळजवळ त्याचेच शब्द होते.

साहेबांची टोळी आली. त्या खोलीत राहिली, दारू प्यायली, मांडूला गेली. मी त्यांच्याकडून काय घेतलं हेही मला आठवत नाही, आणि असं माझं आयुष्यात दुसऱ्यांदा झालेलं नाही. येसबा देवासला धाकट्या सरकारांकडे पोचला असं टांगेवाल्याने सांगितलं. मी पुढे चौकशी केली नाही. नवा गालिचा अजून गुंडाळून भिंतीशी उभा आहे. त्या चौकोनात मी काही घालत नाही, आणि चालताना कडेने वळसा घेतो.

तो निघाला त्या सकाळची गोष्ट सांगून थांबतो. त्याने बोचकं बांधलं, काठी दिवाणखान्याच्या खांबाला टेकवून ठेवली आणि प्रसादाचा नारळ त्या उजळ चौकोनाच्या कडेला ठेवला. मी सरकारांच्या खोलीच्या दारात उभा होतो. त्याने मला एकदा वाकून मुजरा केला आणि जायला निघाला. उलट्या पावलांनी. दिवाणखाना ओलांडला, टाचेने उंबरा चाचपला, माझी ती पायरी उतरला, आमराईतली वाट धरली. म्हातारा माणूस, काखेत बोचकं, वाटेत मुळं आणि खडे. एकदा अडखळला, सावरला, पण वळला नाही. फाटकापर्यंत त्याचं तोंड कोठीकडेच होतं.

मी सवयीने मागे वळून खोलीत बघितलं. तिथे लोखंडी पलंग होता. गादी मी आदल्याच दिवशी माळ्यावर टाकली होती.